डांबराखालचा हौद

अक्का, मागच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी सात चाळीसला विद्यानगरच्या हॉस्पिटलात तू गेलीस. साडेअकराला तुला नवनगरला घरी आणलं. गेटमधून आत नेता आलं नाही. गेटापासून पोर्चपर्यंतच्या वाटेवर आदल्या दिवशी काँक्रीट ओतलं होतं. ते एकोणीस तासांचं होतं आणि त्यावर पाणी साठवलेलं होतं. तुला शेजारच्या इनामदारांच्या गेटातून आत घेतलं आणि दोन घरांमधल्या साडेतीन फुटी भिंतीवरून अलीकडे आणलं. पलीकडे चौघे होते, अलीकडे चौघे. अलीकडच्या चौघांत मी होतो.

ती वाट तुझ्यासाठी केली होती. पुढच्या गुरुवारी तुझी व्हीलचेअर तिच्यावरून येणार होती.

आपला चुलत भाऊ रघुनाथ गेटाबाहेर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वासू, माणूस गेलंय रे! आणि तू सिमेंट राखत बसलास होय?" कामाचा गुत्तेदार ईरण्णा गेटात आडवा उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "कालचंच हाय हो, पाय उमटतील." मी रघुनाथला उत्तर दिलं नाही. पाय उमटण्याची मला काळजी नव्हती. गेटाच्या आत सहा फुटांवर त्या काँक्रीटखाली आठ फूट खोल भराव होता आणि तो जेमतेम दोन दिवसांचा होता. चार माणसं आणि त्यांच्या खांद्यावर तू, एवढं वजन त्याला पेलेल की नाही हे मला माहीत नव्हतं. माहीत नसताना उत्तर देण्याचं काम मी त्याआधी एकदा केलं होतं.

क्रमानं लिहितो. तेवढंच मला येतं.

वाटेचा इतिहास तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. घर बांधलं तेव्हा मी बाहेरगावी पेपरात पहिल्या नोकरीला होतो. पाच-सहा वर्षांनी कॉलनीचा रस्ता डांबरी झाला, त्या कामावर आपले वडील, अप्पा, सुपरवायझर होते. शेवटच्या दिवशी गाडीत गरम माल उरला. अप्पांनी तो आपल्या गेटात ओतून घेतला आणि संध्याकाळपर्यंत त्या ओळीत फक्त आपल्या घराला डांबरी वाट झाली. सुट्टीत आलो तेव्हा मी तिला 'सरकारी मार्ग' म्हणायला लागलो. अप्पा हसले नाहीत. तू मला मागच्या अंगणात बोलावून घेतलंस.

"उरलेला माल होता. तासाभरात दगड झाला असता. तुझ्या पेपरात छापणार आहेस काय?"

"छापायला हरकत नाही."

"मग आधी ते डांबर उकरून सरकारला परत दे, आणि मग छाप की."

मी छापलं नाही. परतही दिलं नाही. पण त्याच सुट्टीत एक गोष्ट मी पाहिली होती. सगळ्या वाटेवर रोलर फिरवलेला होता, गेटाजवळचा एक चौकोन तेवढा हातानं धुम्मस मारून बसवलेला होता. तो कायम थोडा खडबडीत राहिला. अप्पांसारख्या माणसानं एवढाच तुकडा असा का सोडला, हे मी त्यांना विचारलं नाही. तुलाही विचारलं नाही.

निवृत्त होऊन मी एकटाच परत आलो, त्याला सात वर्षं झाली. सात वर्षं आपण त्या वाटेवरून भांडलो. एप्रिलमध्ये डांबर पाघळायचं, चपला चिकटायच्या. पावसाळ्यात कडा सुटायच्या, फटींतून गवत वर यायचं. मी दर वर्षी म्हणायचो, सिमेंट करून टाकू. तू शाळेत भूगोल शिकवलास आणि निवृत्तीनंतर तो मला शिकवायला घेतलास.

"काळी माती आहे ही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. डांबर तिच्याबरोबर वाकतं. सिमेंट वाकत नाही, मोडतं. सातवीच्या पोरांना कळतं हे."

"सातवीच्या पोरांच्या चपला चिकटत नाहीत."

"चपला बदल की मग. वाट कशाला बदलतोस?"

आणि तुझ्या कुंड्या होत्या. गेटाच्या आत, बरोबर त्या खडबडीत चौकोनावर, तीन-तीनच्या ओळीत नऊ कुंड्या. त्यांच्यामुळे माझी गाडी सात वर्षं बाहेर उन्हात उभी राहिली. एकदा तू बाजारात गेलीस तेव्हा मी तीन कुंड्या उचलून भिंतीकडे ठेवल्या आणि गाडी आत घ्यायला निघालो. तू तेवढ्यात रिक्षातून उतरलीस. पिशवी रस्त्यावरच ठेवून गाडीच्या पुढ्यात उभी राहिलीस.

"तिथं गाडी आणायची नाही."

"कुंड्यांना ऊन तिथंच लागतं म्हणून?"

"हो," तू म्हणालीस. "ऊन लागतं म्हणून."

मी मागे गाडी घेतली. प्रश्नातच उत्तर घालून विचारायचं नसतं, समोरचा माणूस तेच उचलून परत देतो, हे मी डेस्कवरच्या नव्या मुलांना शिकवत असे. घरी तसं विचारलं आणि मिळालेलं उत्तर सात वर्षं खरं धरलं. खरं कारण तू का सांगितलं नाहीस, ते मला माहीत नाही. अप्पांनी सांगू नकोस म्हटलं असेल. डांबराचा विषय काढला की मी 'सरकारी मार्ग' म्हणायचो, ते तुला टाळायचं असेल. यातलं काहीही मी पक्कं म्हणून लिहू शकत नाही.

एका मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात तुझ्या हातातून भांडं पडलं. पाठोपाठ तू पडलीस. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, बोलणं हळूहळू येईल. कोणत्या भाषेत आधी येईल हे मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

हा प्रश्न मी विचारला कारण मला येतं ते कन्नड तू शिकवलंस. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि मी सहा वर्षांचा असताना दाराबाहेर मुका. तू एक वही केली होतीस. दोन्हीकडे सारखे वाजणारे आणि वेगळे निघणारे शब्द तिच्यात होते. 'हाल' म्हणजे आपले हाल, त्यांचं दूध. 'अळू' म्हणजे आपली भाजी, त्यांचं रडू. 'मग' म्हणजे आपलं नंतर, त्यांचा मुलगा. पुण्याहून आलेल्या आत्याला शेजारणीनं दारात विचारलं, "हाल बेकेन?" दूध हवं का, एवढंच ती विचारत होती. आत्या म्हणाली, "झाले तेवढे पुरेत गं बाई." तू हे इतक्यांदा सांगितलंस की आत्याही शेवटी ते स्वतःचं म्हणून सांगायला लागली. त्या वहीच्या जोरावर मी पुढे दोन्ही भाषांतल्या बातम्या तपासल्या, नोकरी केली. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. वही मी परवा शोधली. सापडली नाही.

हॉस्पिटलात पहिले सहा दिवस तू काही बोलली नाहीस. मग हुंकार आला. मग, दहाव्या दिवशी, गुरुवारी, एक शब्द आला.

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन आठवड्यांत घरी नेता येईल, व्हीलचेअर लागेल. मी घरी येऊन गेटापासून पोर्चपर्यंत मोजलं. चौतीस फूट. उखडलेलं डांबर, दोन खड्डे, कडेला पाणी तुंबायची जागा. त्यावरून खुर्ची जाणार नव्हती. दुपारी ईरण्णाला बोलावलं. तो म्हणाला, तीन दिवसांत डांबर काढतो, मुरूम दाबून जाळी टाकतो, काँक्रीट ओतून वरून झाडूच्या रेघा मारतो म्हणजे चाक घसरणार नाही, आणि पुढे सात दिवस पाणी. मी दिवस मोजले. बसत होतं.

पाच वाजता तुझ्याकडे आलो. वाकून विचारलं, "अक्का, गेटापासून डांबर काढतो आणि सिमेंट करून घेतो. तुझ्या खुर्चीला बरं पडेल. करू ना?"

तू म्हणालीस, "हौद."

इकडच्या कन्नडमध्ये हौद म्हणजे हो. दिवसभर तुझ्याभोवती नर्सेस कन्नडच बोलत होत्या. मी म्हणालो, "सात वर्षांनी हो म्हणालीस, अक्का!"

तू परत म्हणालीस, "हौद." डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटलास. डोळे माझ्यावर लावलेस. तिसऱ्यांदा म्हणालीस, "हौद."

मी हसलो. पलीकडे सलाइन लावणाऱ्या नर्सला म्हणालो, "बघा, बाईंना घरी यायची घाई झालीय." ती हसली. तू हसली नाहीस. मी पाहिलं होतं की तू हसली नाहीस. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे नसेल जमत, असं मी धरलं.

शुक्रवारी कुंड्या मी स्वतः हलवल्या. नऊच्या नऊ. शनिवारी सकाळी यल्लप्पानं पोर्चकडून डांबर फोडायचा ब्रेकर चालवायला सुरुवात केली. यल्लप्पा उणकलचा, वय चाळिशीच्या आसपास, ईरण्णाकडे बारा वर्षं कामाला. साडेदहाच्या सुमारास तो गेटाजवळ आला. त्यानं मशीन बंद केली, कानावरचा रुमाल काढला आणि पायानं जमिनीवर दोनदा ठोकून पाहिलं.

"सार, इल्ली केळग एनैत्री?" इथं खाली काय आहे, असं त्यानं विचारलं. "आवाज पोकळ येतोय."

मी पोर्चमध्ये पेपर वाचत होतो. म्हणालो, "माती. काळी माती आहे, भेगाळली असेल."

त्यानं मशीन चालू केली. पाच मिनिटांनी जमीन गेली. आवाज मोठा झाला नाही. मी मान वर केली तेव्हा यल्लप्पा उभा होता तिथं धूळ होती.

मी काठावर गेलो. खाली चौकोनी खोली होती. गिलावा केलेल्या भिंती, एका कोपऱ्यात लोखंडी पायऱ्या, भिंतीवर पाण्याच्या जुन्या पातळीची रेघ. तुटलेल्या शहाबादी फरश्यांवर यल्लप्पा पडला होता आणि ब्रेकर त्याच्या उजव्या पायावर.

अक्का, मला तो शब्द तिथं कळला. घर बांधताना पाण्यासाठी समोर हौद खणला होता. मी सुट्टीत येऊन त्यातून बादल्या उपसल्या होत्या. पुढे नळ आला, मागच्या अंगणात नवी टाकी झाली, तिला सगळे इंग्रजी शब्दानं 'संप' म्हणायला लागले आणि हौद हा शब्दच घरातून गेला. तुझ्याजवळ तेवढा राहिला. अप्पांचं त्या वेळचं पोस्टकार्ड मला आठवलं : 'समोरचा हौद बंद केला.' मी त्याचा अर्थ बुजवला असा घेतला होता. अप्पांनी बंद केला असंच लिहिलं होतं; वर फरश्या टाकल्या होत्या, म्हणून त्या चौकोनावर रोलर नेला नव्हता.

यल्लप्पाला शिडी आणि दोर लावून वर काढलं. ईरण्णाच्या टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं, तुझ्या नव्हे, दुसऱ्या. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ईरण्णानं मला विचारलं, "सार, निमग गोत्तित्तेन्री?" तुम्हाला माहीत होतं का.

मी म्हणालो, "यारिगू गोत्तिद्दिल्ल."

कुणालाच माहीत नव्हतं. कन्नडमध्ये हे दोन शब्दांत होतं. यल्लप्पाची बायको गंगव्वा बाकावर बसली होती. तिनंही ऐकलं.

संध्याकाळी तुझ्याकडे आलो. कपडे बदलून आलो होतो, चपला बदलल्या नव्हत्या. तू चपलांकडे पाहिलंस. पांढरी धूळ होती. तू विचारलंस, "हौद?"

तो प्रश्न होता. या वेळी मला कळला. मी म्हणालो, "काम छान चाललंय."

तू तोंड भिंतीकडे केलंस.

त्या संध्याकाळी मी तुला एवढंच सांगायला हवं होतं : हौद कळला. दोन शब्द. पण ते सांगितलं असतं तर पुढे कसा कळला हे सांगावं लागलं असतं, आणि तिथं यल्लप्पा होता. डॉक्टरांनी तुला त्रास होईल असं काही बोलू नका म्हटलं होतं. ते खरं आहे, पण मी त्याचा आधार घेतला हेही खरं आहे. रविवारी तू तो शब्द दोनदा म्हणालीस. सोमवारी एकदा. मंगळवारी म्हणाली नाहीस. मी तुझा डावा हात धरून बसलो होतो, वाट कशी होतेय त्याचं वर्णन करत होतो, जाळी कशी आहे, उतार किती ठेवलाय. बारा फुटांना एक फूट, खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागणार नाही. तू खिडकीकडे पाहत होतीस.

काम मी थांबवलं नाही. ईरण्णा म्हणाला होता, "सार, पंधरा दिवस थांबू या. भराव बसू द्या. पावसानं दाबला म्हणजे पक्का होतो." मी म्हणालो, गुरुवारी अक्का घरी येणार, तारीख हलणार नाही. रविवारी आणि सोमवारी हौद भरला. उखडलेलं सगळं डांबर त्यात गेलं, वर खडी, वर मुरूम, थराथरानं पाणी मारून मशीननं दाबला. अप्पांच्या वाटेचा एकही तुकडा आता वर नाही. मंगळवारी वरचे थर आणि जाळी झाली. बुधवारी दहाला मिक्सर लागला, साडेचारला शेवटचं घमेलं पडलं. ईरण्णानं झाडू फिरवला, कडेनं मातीची आळी केली, पाणी सोडलं. मी फोटो काढला. सकाळी तुला दाखवायचा होता.

सकाळी सातला हॉस्पिटलातून फोन आला. पोचलो तेव्हा सात पंचावन्न झाले होते.

या मंगळवारी तुझे कागद आणायला हॉस्पिटलात परत गेलो. तीच सलाइनवाली नर्स होती. तिनं तुझा चष्मा आणि कंगवा पिशवीत घालून ठेवला होता. मी तिला विचारलं, अक्का हो म्हणायचं तर काय म्हणायच्या? या वेळी प्रश्नात उत्तर घातलं नाही.

ती कन्नडमध्ये म्हणाली, "हूं म्हणायच्या. नको असलं की डोळे मिटायच्या."

"आणि हौद?"

तिनं थोडा विचार केला. "तो शब्द त्या आम्हाला कधीच म्हणाल्या नाहीत, सार. तुम्ही आलात की म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, घरातलं कुणाचं तरी नाव असेल."

म्हणजे दोन स्रोतांकडून खात्री झाली, एक खड्डा आणि एक नर्स. बातमी छापायला तेवढं पुरतं.

तुझ्या माझ्यातला काळ्या मातीचा वाद बाकी आहे. काँक्रीटला अजून भेग गेलेली नाही. तुझं म्हणणं बरोबर की माझं, ते एका पावसाळ्यानंतर कळेल. तेव्हा मी कुणाला जाऊन सांगायचं, हे मला माहीत नाही. सात वर्षं त्या वाटेवर बोलायला तू होतीस म्हणून मी वाटेबद्दल बोलत होतो. चपला चिकटत होत्या हे खरं. पण रोज संध्याकाळी पायरीवर बसून तुझं ऐकणं, माझं टोचणं, तुझं "सातवीच्या पोरांना कळतं" हे त्याहून मोठं होतं. निवृत्त होऊन मी कुठंही राहू शकलो असतो. तू जेवायला वाढून विचारलं नाहीस, किती दिवस राहणार म्हणून. पहिल्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

काल नववा दिवस होता. सुतकात कुणाच्या घरी जात नाहीत. रघुनाथनं फोनवर तेही सांगितलं. मी उणकलला गेलो.

यल्लप्पाचं घर तळ्यामागच्या गल्लीत आहे, दोन खोल्यांचं. तो दारात खाटेवर पाय लांब करून बसला होता. गंगव्वा आत रोट्टी थापत होती. "बर्री सार, कूड्री," तो म्हणाला. या, बसा. मग आवाज उतरवून म्हणाला, अक्कार गेल्याचं कळलं, मला येता आलं नाही, पाय असा. मी म्हणालो, मला सुतक आहे, बाहेरच उभा राहतो. आतून गंगव्वा म्हणाली, "आजारी घराला कसलं सुतक? बसा." तिनं चटई टाकली. मी बसलो.

मी म्हणालो, त्या दिवशी मी ईरण्णाला सांगितलं की कुणालाच माहीत नव्हतं. ते खरं नाही. अक्कांना माहीत होतं.

थापण्याचा आवाज थांबला.

"अक्कार हेळिद्रेन?" यल्लप्पानं विचारलं. अक्कांनी सांगितलं होतं?

मी सगळं सांगितलं. मी काय विचारलं, तू कोणता शब्द म्हणालीस, मराठीत तो काय आणि मी कन्नडमधला काय धरला. तुझं तीनदा म्हणणं, दांडीवर हात आपटणं, मी हसलो तेही. अप्पांचं कार्डही सांगितलं. सांगून झाल्यावर गंगव्वा दारात आली. हात पिठाचे होते.

"तीनदा म्हणाल्या?"

"तीनदा."

"आणि तुम्ही पेपरात होता म्हणे."

"हो."

ती आत गेली.

यल्लप्पानं हातानं उचलून पाय खाटेवर थोडा सरकवला. मग म्हणाला, "सार, मी पण विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही माती म्हणालात."

"हो."

"बघितली होती का माती?"

"नाही."

त्यानं मान हलवली. मी उठलो. चहा झाला नाही. ईरण्णाच्या घरी जाऊन त्यालाही हेच सांगितलं. तो उंबऱ्यावर उभा राहून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, सोमवारी तपासणीला न्यायला टेम्पो मी आणतो, तुम्ही यल्लप्पाबरोबर चला.

यल्लप्पाच्या उजव्या नडगीत रॉड बसवलेला आहे. टाके निघाले आहेत, पाय अजून टेकवायचा नाही. ब्रेकर परत धरता येईल का, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. पुढची तपासणी सोमवारी सकाळी अकरा वाजता आहे.